समुद्र पाहायला कधी यावं

बमरोली, सुरत
रविवार, दि. १३ जुलै २०२५
सकाळचे सव्वादहा. भाऊचे ओले सदरे इस्त्रीने वाळवत होतो, ते बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

सौ. सुषमावहिनी यांस,

गजेंद्रचा नमस्कार. आईच्या पाया पडतो. ललित आणि योगिताला आशीर्वाद. इकडची खुशाली भाऊ सांगेल तशी लिहितो.

हे पत्र भाऊ खाटेवरून सांगतो आहे. तो अहिराणीत सांगतो आणि मी ते शाळेतल्या भाषेत उतरवतो. त्याला ते आवडत नाही. आत्ताच म्हणाला, "गज्या, नववी नापास तू, अन् लिखस तलाठीसारखं." मी म्हटलं, पत्र आहे, उद्या कोणीही वाचेल, ऱ्हस्व-दीर्घ नीट असलेलं बरं. तर म्हणतो, "तुनी वहिनी ऱ्हस्व-दीर्घ मोजाले बसनार शे का?"

तुम्ही फोनवर विचारलं होतं, की मुलांना समुद्र दाखवायला कधी यावं आणि सोबत काय आणावं. भाऊचं उत्तर असं आहे.

आता येऊ नका. पावसाळ्यात डुमसचा समुद्र पाहण्यासारखा नसतो. पाणी चहासारखं गढूळ असतं. भरतीला लाटा इतक्या वर येतात की पोलीस खाली उतरू देत नाहीत, आणि ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की नुसता चिखल दिसतो. एवढ्या लांबून येऊन मुलांनी चिखलच पाहायचा तर तो आपल्या नाल्यातही आहे. दिवाळी होऊ द्या, कापूस वेचून होऊ द्या, मग मार्गशीर्षात या. तेव्हा हवा कोरडी असते आणि पाणी निवळलेलं असतं. तिथली वाळू काळी आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. किनाऱ्यावर उंट असतो, त्यावर योगिताला बसवू. टमाट्याची भजी मिळतात, ती ललितला चारू.

सामान थोडं आणा. प्रत्येकाचे दोन जोड पुरेत. ललितला अर्धी चड्डी असू द्या, पाण्यात जाता येईल. पहाटेच्या गाडीसाठी एकेक स्वेटर. साड्या आणू नका. भाऊ म्हणतो, सुरतेला साडी आणणं म्हणजे दोंडाईच्याला मिरची नेणं. आईला आणू नका, तिचे गुडघे दुखतात आणि शेळ्यांकडे कोणीतरी पाहायला हवं. गाडीतून सुरतेला उतरू नका. त्याच्या आधी उधना येतं, तिथे उतरा. खोली तिथून जवळ आहे.

भाऊ म्हणतो, माझी कावीळ उतरली आहे. भूक लागते. काळजी करू नये.

इथे भाऊ म्हणाला, "बस, आते नाव टाक." म्हणून त्याचं नाव लिहितो.

तुमचा,
वाल्मिक


दुपारचे तीन

वहिनी, भाऊला डोळा लागला आहे. हे पान माझं आहे आणि ते त्याला माहीत नाही. ते आधी एकट्या वाचा. चुलीपाशी किंवा गोठ्यात जाऊन वाचा. ललितच्या हातात देऊ नका.

पहिल्या पानावर जे लिहिलं ते सोडून द्या. तुम्ही आत्ताच या. आपल्या गावचे उखाआप्पा आज संध्याकाळच्या गाडीने हे पाकीट घेऊन गावी येत आहेत आणि मंगळवारी परत निघणार आहेत. त्यांच्यासोबतच निघा. मुलांना आणा. आईलाही आणा. शेळ्या शेजारच्या रंजनाकाकूंकडे बांधा, मी त्यांच्याशी नंतर बोलेन.

हे मी फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो, आई आणि मुलं भोवती बसलेली असतात. मेसेज केला तर ललित तो मोठ्याने वाचतो, नवीन वाचायला शिकला आहे म्हणून दुकानाच्या पाट्याही सोडत नाही. आणि इकडे आमची खोली एकच. मी कुजबुजलो तरी भाऊला ऐकू जातं. बाहेर जाऊन बोलावं म्हणून दोनदा जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. तुम्ही "हॅलो" म्हणालात, मागून योगिता "काका, समुद्र केवढा असतो?" म्हणून ओरडली, आणि मी पावसामुळे ऐकू येत नाही असं सांगून फोन ठेवला. ऐकू येत होतं.

आता गेल्या सोमवारचं सांगतो. मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलो होतो. नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, "भाई, रजा आपी दीधी छे. घरे लई जाओ." इकडे दवाखान्यातून घरी सोडण्याला रजा म्हणतात. चार वर्षं सुरतेत आहे, एवढं मला कळतं. मला वाटलं, बरं झाल्याशिवाय कोण घरी सोडतं? मी रस्ता ओलांडून पेढे आणले. तिथूनच तुम्हाला फोन लावला आणि ओरडलो, "वहिनी, भाऊला रजा दिली!"

तुम्ही काय समजलात ते मला तुमच्या आवाजावरून कळलं. तुम्ही म्हणालात, "मिलनी रजा दिधी? पगारी का बिनपगारी?" तुम्हाला वाटलं, कावीळ उतरली आणि शेठने वर सुट्टीही दिली. मी हसलो. मग तुम्ही म्हणालात, एवढी वर्षं त्यांना सुट्टी मिळत नव्हती, आता मिळाली आहे तर आम्हीच येतो, पोरांना समुद्र दाखवू. मागे आई "गुळना सांजा कर वं" म्हणत होती. मलाही त्या वेळी आनंदच झाला होता, म्हणून मी ते दुरुस्त केलं नाही. म्हटलं, सुट्टी तर सुट्टी.

पेढे घेऊन आत गेलो. डॉक्टर तरुण आहेत, माझ्याहून थोडेच मोठे असतील. मी पेढा पुढे केला, त्यांनी घेतला. खाल्ला नाही. हातात धरूनच मला पडद्यामागे नेलं आणि विचारलं, घरी मोठं कोण आहे? मी म्हटलं, मोठा तोच आहे. तेव्हा त्यांनी हिंदीत सांगितलं. ती कावीळ नव्हती, वहिनी. कावीळ वरून दिसत होती, आत यकृतात गाठ आहे आणि ती पसरली आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही. दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, घरच्या माणसांत ठेवा, असं म्हणाले. मी विचारलं, दिवाळीपर्यंत? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी विचारलं, गणपतीपर्यंत? तर म्हणाले, "जिसको बुलाना है, अभी बुला लो."

तो पेढा त्यांनी कागदावर ठेवला होता. निघताना मी तो परत उचलला, का ते मला माहीत नाही.

मी भाऊला काही सांगितलेलं नाही. पण त्याला कळलं आहे. तो विचारतच नाही, यावरून मला कळतं. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाला, "गज्या, जन्मभर कापडले रंग दिधा, आते मना आंगवरच चढना. पक्का शे, धुवाईसन जानार नही." मी हसलो नाही तर मलाच शिव्या दिल्या. मिलमध्ये रंगखात्यात असल्यापासून त्याची नखं कधी निळी, कधी राणीरंगी असायची, तुम्हाला ठाऊक आहे. आता ती स्वच्छ झाली आहेत. मला ती पाहवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, त्यालाच गावी आण. मीही तेच म्हटलं होतं. पोटात पाणी भरलं आहे, ते दर थोड्या दिवसांनी काढावं लागतं. तास-दीड तासही बसवत नाही. दोंडाईच्यापर्यंतचा प्रवास त्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं.

तो तुम्हाला येऊ नका का म्हणतो, तेही सांगतो. काल दाढी करताना मी आरसा धरला होता. बराच वेळ पाहून म्हणाला, "पोरे हाई तोंड ध्यानमा ठेवतीन." मुलांच्या लक्षात हे तोंड राहील, याची त्याला भीती आहे. मी म्हटलं, नाही आले तर तेही राहणार नाही. माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने आरसा पालथा केला. आणि आज सकाळी उठून म्हणाला, कागद घे, वहिनीला पत्र लिही, येऊ नका म्हणावं.

आजवर मी त्याच्या शब्दाबाहेर गेलो नाही. शाळा सुटली तेव्हा त्याने हात धरून इथे आणलं. मार्केटमध्ये पार्सलवर पत्ते लिहायचं काम त्यानेच लावून दिलं, शेठला म्हणाला, "अक्षर देखा याचं." म्हणून हे लिहिताना दोन कागद फाडले.

अजून एक गोष्ट. डुमसचा समुद्र भाऊने पाहिलेला नाही. दर रविवारी फोनवर तो मुलांना उंट, काळी वाळू आणि लाटा सांगायचा, ते सगळं त्याच्या खात्यातल्या मगनभाईंनी सांगितलेलं आहे. बारा तासांची पाळी आणि सुट्टीच्या दिवशी झोप, असंच चाललं. तुम्ही आल्याशिवाय एकट्याने पाहायचा नाही, असं तो म्हणायचा. मला तो बहाणा वाटायचा. आता वाटत नाही. मुलांना मात्र हे सांगू नका.

आता सामानाचं. नीट वाचा, कारण पहिल्या पानावरचं हिवाळ्याचं होतं.

सुती जाड कपडे आणू नका, इथे आठ दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास येतो. लवकर वाळणारे आणा. दोन जोड पुरणार नाहीत, जास्त आणा. किती दिवस राहावं लागेल ते मी लिहीत नाही. मुलांच्या पायात कापडी बूट नकोत, रबरी चप्पल द्या. खाडीचं पाणी चढलं तर आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत येतं. पिशव्यांना आतून प्लॅस्टिक लावा. आईची गोधडी कोरडी राहिली पाहिजे, इथल्या फरशीला ओल येते. भाऊचं आणि तुमचं आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक आणि लग्नाचा दाखला एका पिशवीत घालून ती तुमच्या अंगावर ठेवा, सामानात नको. कशासाठी ते विचारू नका.

कळणाच्या भाकरीचं पीठ आणा. भाऊ खाईल की नाही माहीत नाही, पण खोलीत वास तरी येईल. तुमच्या साड्यांपैकी एक हिरवी आणा. त्याने मागितली नाही. पण परवा तापात म्हणाला, सुषमाला हिरव्यात हळदीला पाहिलं होतं.

उधन्याला मी फलाटावर उभा असेन. गाडी उशिरा आली तरी तिथेच असेन. मुलांना रिक्षात मी सांगतो की बाबा आजारी आहेत आणि पिवळे दिसतात. तुम्ही सांगू नका, तुमचा आवाज लपत नाही. खोलीत आल्यावर तुम्ही त्याच्यावर रागवा. का कळवलं नाही म्हणून खरंच रागवा, त्याला बरं वाटेल. माझ्यावरही रागवा, मी सहा दिवस गप्प राहिलो.

समुद्र पाहायला जमेल का, ते मी आत्ता सांगू शकत नाही. पावसाने उघडीप दिली आणि भाऊला बसता आलं, तर मगनभाई त्यांची गाडी देतो म्हणाले आहेत. पोलीस खाली जाऊ देणार नाहीत. रस्त्यावरूनच काचेतून पाहावा लागेल, आणि तो गढूळच असेल.

साडेचार वाजले. भाऊ जागा झाला. विचारतो, "अजून काय लिखी ऱ्हायना? वाची दखाड." मी त्याला पहिलं पान वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं, उंटाच्या ठिकाणी थोडा हसला. मग म्हणाला, एक राहिलं, लिही, छत्र्या आणू नका म्हणावं, हिवाळ्यात उगाच ओझं.

मी कागदावर पेन फिरवलं, त्याला आवाज यावा म्हणून.

वहिनी, छत्र्या आणा.

मोठ्या भावाचा शब्द पहिल्यांदाच मोडणारा,
तुमचा दीर,
गजेंद्र