न हरता बाहेर

रविवार, ६ मे २००७, वाल्डॉर्फ

आज निनादची मॅच पाहून आलो. माधुरी, 'माझा नातू' असं लिही, नाहीतर पुढे कुणी वाचलं तर म्हणेल, कोण हा निनाद आणि म्हातारी त्याच्यामागे का. (लिहिलं, आई. पुढे नुसतं 'नि.' लिहीन.) बरं. शाई महाग झाली असेल.

याला फुटबॉल म्हणतात. बॉल अंड्यासारखा, आणि तो काखोटीला मारून पळायचं. पायाचा संबंध पळण्यापुरता. खेळ अमेरिकेतला, पण इथे जर्मनीत कॉलेजची पोरंही खेळतात. आमचा नि. नेकारसुल्मजवळच्या एका लहानशा कॉलेजातून खेळतो. मला अक्षर येत नाही, म्हणून वही माधुरी लिहिते आणि संघ मी रंगावर ओळखते. नि.चे हिरवे. मैदान द्राक्षांच्या मळ्याखाली. चुन्याच्या रेघा पोरांनीच मारलेल्या, एक रेघ चुकून मळ्याकडे वळलेली. हिरवे जिंकले. पोरांच्या ढिगाऱ्याखालून नि. उठला तेव्हा नाकात माती, दातात माती, आणि हसतोय. म्हटलं, आधी आंघोळ कर. "गेनाऊ, आजी," म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. केली मात्र नाही. तसाच गाडीत बसला.

मंगळवार, १५ मे

श्रीला विचारलं (श्री म्हणजे माझा मुलगा, माधुरीचा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये आहे), शेवटी पहिला कोण ते ठरतं कसं. म्हणाला, सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. मोठ्या विद्यापीठांचे संघ आपसात खेळतात, लहान कॉलेजांचे आपसात. लहानांच्या मैदानावर यायला मोठ्यांना वेळ नाही. मग शेवटी पाच जणांची समिती बसते आणि फायनलला कुठले दोन संघ जातील ते मतांनी ठरवते. श्री त्या पाचांतला. गुणांचं कोष्टक कॉम्प्युटरवर त्याने फुकट बसवून दिलं, म्हणून त्याला खुर्ची.

म्हटलं, म्हणजे पैलवान घरी आणि कुस्ती पंच खेळणार.

तसं नाही आई, म्हणाला.

मग कसं?

"आल्झो..." म्हणाला आणि चहा घेऊन आत गेला. तीन वर्षं इथे राहून मला एवढं कळलंय की आल्झो म्हणजे उत्तर नाही.

रविवार, २० मे

हिरवे पुन्हा जिंकले. मॅचनंतर त्यांचा कोच मार्कुस आमच्याजवळ येऊन बसला. माझ्या डब्यातली चकली खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, दुसरी घेतली. भला माणूस. तो श्रीशी बोलत होता ते माधुरीने मला सांगितलं. हेल्मेटांची मुदत यंदा संपते. नवी घेतली नाहीत तर पुढच्या वर्षी खेळायला परवानगी नाही. कॉलेज पैसे देत नाही. फायनल मोठ्या मैदानावर होते, तिकिटं असतात, जाहिरातवाले असतात, आणि तो सगळा पैसा फायनलच्या दोघांत वाटला जातो. बाकीच्यांच्या वाट्याला बॉल येतील एवढा.

म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्यालाच जेवण.

आमच्या गावच्या जत्रेत असं नव्हतं. पैलवान आखाड्याला फेरी मारायचा, ज्याला वाटेल त्याने पुढे होऊन हात मिळवावा. तुझं गाव लहान, तू बस, असं कुणी म्हणत नसे. बरोबरीत सुटली तर इनाम निम्मंनिम्मं. फार न्यायाचं गाव होतं असं नाही, पाटलाच्या पुतण्याला सोपा गडी मिळायचा. पण मातीत उतरू द्यायचे. उतरल्यावर पुतण्या पडायचाही.

शनिवार, २ जून

अधिक महिना. इकडच्या मराठी घरांना जेवायला बोलावलं. बिल्डिंगखालची मोठी खोली घेतली, खाली सतरंज्या, कागदाच्या ताटल्या. धोंडे मी सांगितले तसे सुनेने केले. जरा जाड झाले. (आई.) बरं, जरासेच.

नि. पाहुण्यासारखा धपकन पहिल्या पंगतीत बसला. श्रीने खांद्याला धरून उठवलं. आपण घरचे, आपण शेवटी. पोरगं हसत उठलं, पाणी वाढायला लागलं. त्याची पाळी येईपर्यंत धोंडे संपले. वरणभात खाल्ला. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, मुलाला वळण छान लावलंय. मला बरं वाटलं. श्रीला मीच असं वाढवलं. वाढणाऱ्याच्या घरचं पान शेवटी.

रविवार, १० जून

शेवटच्या मॅचेस झाल्या. हिरवे एकही हरले नाहीत. मार्कुसला पोरांनी उचललं, तो जड आहे, दोनदा पडला.

आता हिशेब असा. लाल, मोठ्या विद्यापीठाचे, एकही हरले नाहीत. ते फायनलला जाणार हे नक्की. दुसरी जागा एक. त्यासाठी आमचे हिरवे, आणि निळे. निळेही मोठ्या विद्यापीठाचे, ते लालांकडून हरलेत. निळ्यांचं म्हणणं, आम्ही वाघाशी हरलो, हिरवे शेळ्यांशी जिंकले. हिरव्यांचं म्हणणं, वाघ आमच्याकडे येतच नाही, आम्ही काय करावं.

दोघांचंही मला पटलं. म्हणून तर एकमेकांशी खेळवायला हवं होतं. पण त्याला वेळापत्रकात जागा नाही म्हणे. जागा समितीत आहे, पाच खुर्च्यांची.

नि. रात्री जेवताना बापाकडे बघत होता.

गुरुवार, १४ जून

श्री बैठकीहून आला. बूट काढले, नीट जोडून ठेवले. एवढे नीट ठेवले तेव्हाच मी ओळखलं.

निळे गेले फायनलला.

दोन मतं हिरव्यांना, दोन निळ्यांना. श्रीने मत दिलंच नाही. म्हणाला, माझा मुलगा हिरव्यांत आहे, मी या विषयावर बोलणं बरोबर नाही. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत दुप्पट धरतात. अध्यक्ष निळ्यांचा.

मी विचारलं, अध्यक्ष निळ्यांचा म्हणजे?

त्याच विद्यापीठात शिकवतात.

त्यांनी नाही म्हटलं का, की मी बोलत नाही?

नाही.

तुला कुणी सांगितलं होतं का गप्प बस म्हणून?

नाही. (इथे आईंनी वही मिटायला सांगितली. मग पुन्हा उघडायला. हे गॅलरीत जाऊन उभे होते.)

अभिमानाने सांगत आला होता तो, हेही लिहून ठेव. आपण कसं स्वच्छ वागलो ते सांगायला. माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीसाठी. लहानपणी बघायचा तसं. माझ्याकडे शाबासकी निघाली नाही. ओरडताही येईना. कुणाला ओरडू.

रविवार, १७ जून

नि. आला नाही. रविवारी येतो, कपडे धुवायला आणतो, आज नाही. माधुरीने फोन केला. जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलला. तिने मला सांगितली नाहीत. म्हटलं, लिही तरी. म्हणाली, लिहूही नाही.

श्रीने दिवसभर गाडी धुतली. इथे रविवारी गाडी धुतलेली चालत नाही, शेजारीण खिडकीत येऊन उभी राहिली. तरी धुतली.

रविवार, २४ जून

फायनल झाली. श्रीला जावं लागलं, समितीतला म्हणून. मी गेले नाही. पाय दुखतात असं सांगितलं. पाय ठीक आहेत.

लालांनी निळ्यांना धुतलं. अर्ध्या खेळात लोक उठून सॉसेजच्या रांगेत गेले म्हणे. हिरवे असते तर जिंकले असते? नसतेही. मी काही खुळी नाही, लाल पोरं बैलांएवढी आहेत. पण आपापलं हरायलाही मैदान लागतं ना. हिरवे घरी बसून हरले.

पैसा लाल आणि निळ्यांत वाटला जाईल. सगळ्या संघांची बैठक ८ जुलैला, तिथे वाटणीवर हात वर करायचे. दरवर्षी सगळे करतात.

बुधवार, २७ जून

नि. आला. न सांगता. कपडे आणले नव्हते. श्री स्वयंपाकघरात भांडी विसळत होता, मी खुर्चीत शेंगा सोलत. नि. दारात उभा राहिला. एरवी बापाशी जर्मन बोलतो, बाप मराठीत उत्तर देतो, दोघांचं चालतं. आज मराठीत बोलला. तुटक, पण मला कळावं म्हणून असेल. किंवा बापाला लागावं म्हणून.

"बाबा, हिरव्यांत मी नसतो तर? दुसऱ्या कुणाचा मुलगा असता, तर मत कोणाला दिलं असतं?"

नळ चालूच होता.

"सांगा ना."

"हिरव्यांना."

"मग मी होतो म्हणून सगळी टीम गेली."

श्री म्हणाला, लोकांनी काय म्हटलं असतं, स्वतःच्या पोरासाठी...

"त्या दिवशी जेवताना तुम्ही मला उठवलं. मी उठलो. मला काही वाटलं नाही, मी घरचा. पण ती मुलं तुमच्या घरची नाहीत बाबा. त्यांना का उठवलं?"

श्रीने नळ बंद केला. हात पुसले, पुन्हा पुसले. मी शेंगा सोलत राहिले. सोललेल्याच पुन्हा चाचपत होते.

नि. जेवून गेला. आमटी दोनदा घेतली. बापाशी बोलला नाही, पण जेवून गेला.

शुक्रवार, २९ जून

श्रीला झोप नाही. सकाळी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणतो, ८ तारखेच्या बैठकीत बोलतो. सगळ्यांसमोर सांगतो, की माझ्या मते जागा हिरव्यांची होती आणि मी गप्प बसलो ते चुकलं. आणि मांडतो, की यंदाचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटा. पुढच्या वर्षीपासून चार संघ घ्या, मैदानात ठरू द्या.

मग अडला कुठे?

"आता बोललो तर म्हणतील, पोरगा बाहेर राहिला म्हणून बापाला न्याय सुचला."

म्हणतील, मी म्हटलं. आधी बोलला असतास तरी म्हटलं असतं. म्हणणाऱ्यांचं तोंड तेच, फक्त आधी हिरव्यांना जागा तरी मिळाली असती.

हे बोलायला नको होतं की काय. मान खाली घालून ऑफिसला गेला. डबा विसरला.

मंगळवार, ३ जुलै

अध्यक्षांचा फोन. श्री फोनवर नुसता जा, जा करत होता, म्हणजे हो, हो. मला वाटलं मिटलं. नंतर सांगितलं. अध्यक्ष गोड बोलले. बैठकीत वाद नको, खेळाचं नाव खराब होतं. त्यांच्या ओळखीचा एक जाहिरातवाला आहे, तो हिरव्यांना नवी हेल्मेटं देईल. सगळी. यंदापुरता विषय बंद.

बघा, मोठा माणूस. पान वाढलं नाही, पण मागल्या दाराने शिधा देतो.

माधुरी म्हणाली, घ्यावीत. (म्हणाले, आणि अजून म्हणते. पोरं खेळतील तरी.) तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. लहान कॉलेजांचे अजून संघ आहेत, पिवळे, पांढरे, एक घाणेरडा तपकिरी. त्यांना कोण देणार, एवढंच विचारलं.

शनिवार, ७ जुलै

नि. आला. मला वाटलं होतं हा बापाला म्हणेल, थुंका त्या हेल्मेटांवर. उलटंच. म्हणतो, घ्या. मार्कुस रडायच्या बेतात आहे, चार पोरं दुसरीकडे जातील, हेल्मेटं नसतील तर हिरवे उरतच नाहीत, मग कुठला न्याय आणि कुणाला.

आणि श्री, तीन आठवड्यांपूर्वी तोंड न उघडलेला, तो म्हणतो, घेतली तर मला बैठकीत तोंड राहत नाही.

आधीही दोघं वेगळ्या टोकांना होते. आजही आहेत, फक्त टोकं बदलली. मला विचारलं, आई तू सांग. आजी तू सांग. म्हटलं, मला वाचता येत नाही, नियमावली तुम्ही वाचलीय. पहिल्यांदाच याचा उपयोग झाला. आत जाऊन देवापाशी बसले, आणि तिथेही काय मागावं ते ठरेना.

रविवार, ८ जुलै

सकाळी इस्त्री माधुरीने केली. श्रीने निळा शर्ट घेतला होता, तिने न बोलता पांढरा दिला. नि. म्हणाला, मी सोडायला येतो. खेळणाऱ्यांना आत घेत नाहीत, बाहेर थांबेन. बैठकीआधी श्रीने अध्यक्षांना हो की नाही सांगायचंय.

जाताना श्री पाया पडला. परीक्षेला जायचा तेव्हा पडायचा. मी काय बोलणार. म्हटलं, जे करशील ते स्पष्ट आवाजात कर, तुझा आवाज शेवटी शेवटी खाली जातो.

मी आणि माधुरी गॅलरीत उभ्या राहिलो. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळणाशी कचऱ्याच्या डब्यांजवळ गेली, आणि थांबली. दिवे लुकलुकत ठेवून तिथेच उभी. आत दोघांचे हात हलताना दिसत होते. कधी एकाचे, कधी दुसऱ्याचे, मग दोघांचेही. माधुरी म्हणाली, उशीर होईल हो यांना. मागून एक गाडी आली, वाट बघत राहिली, शेवटी वळसा घालून गेली.

मग कुणाचेच हात हलेनात. तरी गाडी तिथेच.

बऱ्याच वेळाने निघाली. कुणी कुणाचं ऐकलं, ते इथून दिसलं नाही.