बळदातल्या बाटल्या

आत्याबाई, परवा नातू पुण्याहून आला तो स्वतः घरी केलेल्या बिअरच्या तीन बाटल्या घेऊन. पहिलीचं झाकण फट् करून उडालं आणि मी हातातलं ताट टाकून भिंतीला चिकटले. पोरं पोट धरून हसली. "आजी, बाँब न्हाय गं, बिअर हाय!" त्या मेल्यांना काय सांगू? मग तिन्हीतला एकेक घोट चाखला आणि सांगितलं, ही करपवलेल्या जवाची, ही नुसतीच कडू, आणि ह्या तिसरीत गोडी राहिलीय, लवकर संपव, नाहीतर फुटेल. त्याचा वासलेला आ मिटेना. कुठं शिकलीस, म्हणाला. मी तुमचं नाव घेतलं नाही, उगीच खोकल्याची उबळ आणली.

तुम्ही शिकलात ते येडशीच्या स्टेशनाजवळ, रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासता घासता. काळी, तांबडी, पिवळी, साहेबाच्या बाटल्यांच्या बुडाशी जे उरायचं ते चाखून तुमची जीभ तयार झालेली. लढाईत बाटल्या यायच्या बंद झाल्या तेव्हा मडमेनं घरातच बिअरचा रांजण मांडला, आणि ढवळायला तुम्ही. साहेब देश सोडून गेला तेव्हा बाकीच्या बायकांनी चादरी मागितल्या, पितळेची भांडी मागितली. तुम्ही मागितल्या रिकाम्या बाटल्या, बुचं आणि बरणीभर गाळ. दह्याचं विरजण जपावं तसा तो गाळ तुम्ही गुळाचं पाणी घालून जगवला. जव कुठला मिळायला? तुम्ही ज्वारीला मोड आणले, माळवदावर वाळवले, जात्यावर भरड काढली, शिजवून गाळलं आणि कडवटपणाला काडेचिराईत टाकलं. मी नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत तुमच्यासमोर वाटी घेऊन बसलेली. "गिळायची घाई करू नगं. कडू कुठं लागतंय ते सांग, जिभंच्या शेंड्याला का मागं?" सासू दारू गाळते हे माहेरी कळलं तर, असं एकदा तोंडातून गेलं, तर तुम्ही केवढ्या फणकारलात! "गाळत न्हाय, आंबवते म्या. गाळनारे येगळे." आत्याबाई, खरं सांगते, तिसऱ्या वाटीपासून मला ती आवडायला लागली होती.

मग ते वर्ष आलं, निजामाचं राज्य मोडायच्या आधीचं. तुमचा लेक सरहद्दीपल्याड, निजामाशी लढणाऱ्या पोरांच्या छावणीत जाऊन बसलेला. छावणीतली पोरं बाँब करतात असं गावभर बोललं जायचं. खाकी कपडा दिसला की आळीतली दारं धडाधड लागायची. भाकरी थापताना माझा कान दाराकडं असायचा, आडावर गेले तरी पाठीत कुणाची तरी नजर रुतल्यासारखी वाटायची. आणि अशात तुमचा रांजण न्हाणीत फसफसतोय, वास पार वेशीपर्यंत! मी तुमचे पाय धरले. भरून टाका, बुचं मारा, वास तरी कोंडू द्या. तुम्ही पळीभर चाखलंत आणि मान हलवली. "अजून गोडी हाय. दोन दीस थांब. घाई केली तर बाटल्या दम धरायच्या न्हाईत." मी रडायला लागले. "भित्री कुठली! तुझ्या भ्यानं माझा आख्खा रांजण जातोय बघ," असं म्हणत तुम्ही चिडून भरायला बसलात. बुचं सुतळीनं आवळून बाटल्या बळदात ठेवल्या, भिंतीतल्या त्या कोठारात, ज्वारीच्या आत खोल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. निजामाच्या पोलिसांचा जमादार, आणि त्याच्यामागं दोन बंदूकवाले. "लडका किधर है?" तुम्ही म्हणालात, सोलापूरला गिरणीत कामाला हाय. अगदी सरळ म्हणालात, ज्वारीचा भाव सांगावा तसं. जमादार वळलाच होता, उंबऱ्यापर्यंत गेलाही होता. आणि बळदात आवाज झाला. मग दुसरा. मग एकापाठोपाठ दोन. "बम! बम!" करत बंदूकवाले पालथे पडले. माझं लुगडं ओलं झालं, खोटं कशाला बोलू. आम्हा दोघींना अंगणात उन्हात बसवलं, बंदुकीचं तोंड माझ्या गळ्याशी. आता घर पेटवणार, आपल्याला आत घालून पेटवणार, एवढंच माझ्या डोक्यात. एकानं संगिनीनं ज्वारी उकरली, तेव्हा काचांबरोबर फेस बाहेर आला. जमादारानं बोट बुडवून वास घेतला. जे पालथे पडले होते ते आता जास्तच खवळले. "किसने बनाया ये?"

पुढचं तुम्ही किती जणींना सांगितलंत! "म्या म्हनलं, म्या बनवली. सुनंला काय बी ठावं न्हाय." आणि तुम्ही तसं म्हणालातच, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं. तुम्हाला ठाण्यात नेलं. अकरा दिवसांनी परत आलात, तोंड सुजलेलं आणि डावा कान कायमचा गेलेला. राज्य गेलं, तुमचा लेक घरी आला, त्यानं तुमच्या पायावर डोकं ठेवलं. रांजण तुम्ही पुन्हा मांडला नाही. मी कधी मांडा म्हटलंही नाही.

पण आत्याबाई, तुम्ही बोललात त्याच्या आधी, जमादाराचं विचारणं पुरं व्हायच्या आत, माझं बोट तुमच्याकडं वळलं होतं. आधी त्यानं माझं बोट पाहिलं, मग तुमच्याकडं बघितलं, आणि मग तुम्ही बोललात. तुमची नजर तेव्हा कुठं होती ते मला आजही आठवत नाही. तुम्ही पाहिलंत का, हे विचारायला तुम्ही डोळे मिटेपर्यंत वर्षानुवर्षं एका चुलीशी बसून माझी जीभ उचलली नाही. आता हा कागद दुमडून चुलीतच घालणार आहे, तुमच्या लेकाच्या हाती लागला तर ह्या वयात मी त्याला तोंड कसं दाखवू?

एकदा मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही जेवत होतात, मी शेजारी बसून सगळं सांगितलं, अगदी बोटासकट. फक्त बसले होते मी तुमच्या डाव्या अंगाला.