दौलूच्या हरणाचा वाटा

चि. दौलू यास,

हरणाच्या गळ्यात घंटा असती व्हय रं? आज भुईमूग काढताना बांधाच्या दगडाखाली माझ्या तांबड्या शेळीची घंटा सापडली.

दसरा झाल्यावर तू बावड्याहून बंदूक घेऊन आलास. मीच सांगितलं, हरणं उजाडताना ओढ्यातून भुईमुगात उतरतात. तू बार काढलास आणि वाट दाखवणाऱ्याचा वाटा म्हणून सोललेलं मटण माझ्या दारात आणलंस. मी ते रांधलं. पंगतीत तू हात नाचवून सांगत होतास, "आक्का, कसली उडी मारली गं हरणानं!" आणि मी मेली बोटं चाटत होते.

जेवण झाल्यावर बघते तर तांबडी गोठ्यात न्हाई; तिला हुडकायला उसात माझ्यापुढं तूच फिरलास की! "तांबडे, ये गं" म्हणून हाका मारल्यास. गोळी चुकून लागली असंल, ते मला कळतं. पण घंटा सोडून दगडाखाली कुणी घातली?

तुझे दाजी म्हणतात, सणाच्या तोंडावर असलं पत्र टाकू नको. म्हणून हे टाकत न्हाई, घरातच डब्यात ठेवते. पण तू हे न वाचताच भाऊबीजेच्या आत आपणहून येऊन तोंडानं सांग. न्हाईतर ओवाळून घ्यायला माझ्या पाटावर बसू नको.

तुझी आक्का,
हौसा