काळं टोपण

स्फाक्स, १९ नोव्हेंबर

प्रिय वनीस,

आज नौफलला जाऊन चाळीस दिवस झाले. सकाळी आईला घेऊन कब्रस्तानात गेलो. दुपारी माणसं जेवून गेली. कुसकुस उरला, तो शेजारी वाटला. आता आई झोपली आहे आणि मी त्याच्या, माझ्या धाकट्या भावाच्या खोलीत बसून तुला लिहितो आहे.

शाळेपासूनची आपली मैत्री, पण पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात रोजच भेट व्हायची. गाबेसला दुसऱ्याच्या दुकानात तुला नोकरी लागल्याचं तुझ्या बहिणीनं सांगितलं. तुझ्या जागी इथे आता चपलांचं दुकान आहे.

त्या दिवशीचं तुला फोनवर कळलं तेवढंच. नौफलनं तुझ्याकडून सुटे भाग आणून आठवडाभर खपून कॉम्प्युटर जोडला. लग्नांचे व्हिडिओ त्याला घरीच तयार करायचे होते. पहिलं काम, एका नवरीचा व्हिडिओ, शुक्रवारी द्यायचं होतं. शेवटची केबल मी लावावी असा त्याचा हट्ट. नव्या वस्तूला पहिला हात थोरल्याचा, हे तुमच्याकडेही आहेच. आईनं दृष्ट लागू नये म्हणून कॉम्प्युटरच्या पेटीला माशाची वाळकी शेपटी बांधली. मी बिस्मिल्ला म्हणून पेटीच्या मागे हात घातला आणि चाचपडत पडद्याची केबल खोचली. नौफलनं बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळाच.

त्यानं मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसल्या, एकेक करून पुन्हा बसवल्या. शेजाऱ्यांचा पडदा आणून त्याच केबलला लावून पाहिला. तोही काळा. मामा दारातून म्हणाले, "वा रे कारागीर, पंखा झकास केलास!" सगळे हसले. मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "त्या नवरीला बोलाव की. बसू दे तिला वारा खात." तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं तुला स्पीकरवर फोन लावला. तू विचारलंस, "केबल कुठे लावलीयस, आधी ते बघ." मी समोरच उभा होतो. तो म्हणाला, "केबल दादानं लावलीय, वनीसभाई. ती बरोबरच असणार." त्यावर तू म्हणालास, "बरं, मग ये. दुसरं ग्राफिक्स कार्ड देतो, लावून बघ." तो मोटारसायकल काढून निघाला. बंदराच्या वळणावर ट्रक होता.

तिसऱ्या दिवशी तू आलास. आईनं तुला सगळ्यांदेखत दारातच अडवलं. "सडका माल विकलास माझ्या लेकराला! त्याच्यापायी गेला तो! आता तोंड दाखवायला आलास?" तू खजुरांचा पुडा धरून उभा होतास आणि माझ्याकडे बघत होतास. मी खुर्च्या मांडत राहिलो. तुझ्या दुकानात त्यानंतर कोण फिरकलं नाही, शटरवर कुणी काय लिहिलं, ते मी रोज कामावर जाताना पाहिलं.

आज मावशी म्हणाली, ते मशीन माझ्या मुलीला द्या. म्हणून मी पेटी भिंतीपासून ओढली. मागे केबल बसेल अशा जागा दोन ठिकाणी आहेत. वर एक, मुख्य बोर्डाची, टोपण नसलेली. खाली तुझ्या कार्डावर तीन, तिन्हींवर काळी टोपणं, नवी असताना होती तशीच. केबल वरच्या जागेत होती, आणि कार्ड बसवलेलं असताना तिथून चित्र येतच नाही. मी एक टोपण काढलं, केबल खाली लावली, बटण दाबलं. तीन सेकंदांत पडदा उजळला. तुझं कार्ड चांगलं आहे. नौफलनंही काहीच चुकीचं जोडलं नव्हतं.

हे तुला कळावं, म्हणून लिहिलं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आई रोज सकाळी तुला शिव्याशाप देत उठते. निदान उठते तरी. ते शाप माझ्याकडे वळले तर तिला एकही मुलगा उरणार नाही. आणि मला ते सोसायचेही नाहीत. हे पत्र तू कुणाला दाखवलंस तर मी नाकारेन, आणि लोक माझ्यावर विश्वास ठेवतील, नौफलनं ठेवला तसा. इकडे येऊ नकोस. मावशीला मी सांगितलं की मशीन बिघडलेलंच आहे. आताच मी केबल काढून पुन्हा वरच्या जागेत खोचली, खाली टोपण बसवलं आणि पेटी भिंतीला लावून ठेवली.

तुझाच,
शाज़ली