घुमणं पुसलंस तर याद राख

प्रिय धाकट्या,

आधी तुझा कान पिळते, कौतुक मग. तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं की कुणा दीडशहाण्या समीक्षकानं लिहिलंय, अल्बमभर तुझ्या डबल बेसच्या, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनच्या, मागे कुणीतरी गळ्यातल्या गळ्यात घुमतंय. आणि तू लगेच शेपूट घातलीस! नव्या आवृत्तीतून ते घुमणं पुसायला म्हणे स्टुडिओवाल्याला होकारही दिलास. अक्कल काय गहाण ठेवलीस का रे?

म्हणशील, ताई शिवणकाम करते, तिला आमच्या जॅझमधलं काय कळतंय. अरे, आठवडाभर काजं करता करता हाच अल्बम ऐकतेय मी. नाव तुझं मोठ्या अक्षरांत, आणि पहिल्याच तुकड्यात तू सॅक्सोफोनवाल्याला सात मिनिटं मोकळं सोडतोस. ड्रमवाला ठेका मोडतो, पियानोवाला भलतीकडेच वळतो, आता सगळं कोसळणार म्हणून माझी सुई थांबते, आणि तू खालून चार सुरांत सगळ्यांना घरी आणतोस. म्होरक्या असावा तर असा! त्या शहाण्याला हे नाही ऐकू आलं, घुमणं तेवढं बरोब्बर ऐकू आलं.

आणि ते घुमणं कुणाचं, विसरलास? बाबा तीस वर्षं हॉटेलच्या बँडमध्ये मागच्या रांगेत असाच बेस वाजवायचे, ओठ मिटून, बोटांपेक्षा अर्धा सूर खाली घुमत. मॅनेजर खेकसायचा. बाबा हो हो म्हणायचे आणि पुन्हा सुरू. त्यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही. तुझ्या गळ्यातून ते आपसूक आलं, तर तुला त्याची लाज वाटावी? मला संताप आवरत नाही.

बाबा गेल्यापासून आई बोलत नव्हती, तुला माहीतच आहे. आठ महिने, हो नाही की ना नाही. परवा दुपारी ती शेंगा सोलत बसली होती आणि चौथा तुकडा लागला. तू घुमायला लागलास. तिनं हात वर करून माझं मशीन थांबवलं, कान देऊन ऐकलं आणि स्पष्ट म्हणाली, "सूर उतरलाय. मेला बापासारखाच उपाशी वाजवतोय." आठ महिन्यांनी तोंड उघडलं ते तुला शिव्या द्यायला! मी तिथेच रडत बसले. आता रोज दुपारी तिला चौथा तुकडा हवा असतो, आणि तो संपला की ती माझ्याशी बोलते. तेव्हा आजच्या आज त्या स्टुडिओवाल्याला फोन कर. आणि जेवून मग वाजवायला बस, असा आईचा निरोप आहे.

तुझीच, रागावलेली
ताई