माझा अल्बम, मामांचा बँड

१८ ऑगस्ट, सोमवार
पहिला दिवस पाण्यात! घोटावड्याच्या स्टुडिओत आम्ही अकरा जण – मी सॅक्सोफोनवर, बाकी सगळा माझ्या मामांचा, हैबतरावांचा लग्नाचा बँड. चातुर्मासात सुपाऱ्या नाहीत म्हणून मोकळे मिळाले. हे जॅझ आहे, सुरुवात माझी, इशारा माझा – घसा फोडून सांगितलं. तरी सगळ्यांची नजर मामांच्या ट्रम्पेटवर! ते उचलणार तेव्हाच हे फुंकणार. वरातीत ठीक आहे. पण हा माझा पहिला अल्बम आहे!

१९ ऑगस्ट
मामा हेडफोन घालत नाहीत. "टोचतंय." मी थांबा म्हणालो तरी वाजवतच राहिले. माझ्या सोलोवरही चढून वाजवतात. मुद्दाम! रेकॉर्डिंग करणारा किशोर हसतो. भाचा पडलो, गप्प बसतो.

२० ऑगस्ट
लाइट गेली. दिवसभर नुसते वडापाव.

२१ ऑगस्ट
आज बोललोच. "मामा, हा अल्बम कुणाचा आहे?" मामांनी नुसती मान डोलावली. उत्तर द्यायचीही गरज वाटली नाही! क्लॅरिनेटवाले कैलासकाका म्हणाले, "आरं, आमी जलमभर त्येंच्याकडंच बघतुया. आता एकदम तुझ्याकडं कसं बघायचं?"
सॅक्सोफोन मामांनीच हातात दिला, मान्य. म्हणून मरेपर्यंत त्यांच्या मागूनच चालायचं?
किशोरला सांगून मामांभोवती प्लायचे उंच पडदे उभे केले. आता ते कुणालाच दिसणार नाहीत. बघू, कुणाकडे बघतात!

२२ ऑगस्ट
जमलं! सगळे माझ्या इशाऱ्यावर आले. चुकले फक्त मामा – आणि प्रत्येक वेळी! कधी उशिरा शिरले, कधी भलतीकडेच गेले. शेवटी ट्रम्पेट तिथंच टाकून, कुणाला न सांगता एसटीने पौडला घरी. रुसले! रुसू देत. उद्या त्यांच्याशिवाय करतो.

२३ ऑगस्ट
सकाळी ट्रम्पेट द्यायला पौडला गेलो. मामीने दारातच अडवलं. हळू आवाजात म्हणाली, "तुला ठावं न्हाई व्हय रं? लई दिस झालं, त्यांना लांबचं ऐकूच येत न्हाई. कुणाला सांगू नगं म्हणालं. तितं तुझ्या खांद्याकडं बघून वाजवत हुतं."
मामा माझ्याकडे बघत होते. आणि मध्ये पडदा मी लावला.