पुस्तकाप्रमाणे

प्रिय चौकशीबाई,

हे पत्र आणि सोबतची जाडजूड पिशवी काकू तुझ्या हातात देईल. पिशवीचं ओझं बघून तिला काही बोलू नकोस, आत नेमकं काय आहे ते तिलाही धड माहीत नाही. रद्दी समजून ती दोनदा विकायला निघाली होती आणि दोन्ही वेळा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आधी पत्र वाच, मग पिशवी उघड. आणि वाचता वाचता मला फोन लावू नकोस. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की माझं तोंड बंद होतं.

बुधवारी मी तुझ्याकडे येऊन गेलो ते काही उगाच नाही. तू म्हणालीस, काका, आज इकडे कशी वाट चुकलात? मी चहा घेतला, पंखा कुरकुरतोय, त्याला तेल घाल म्हणालो, तुझ्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं आणि उठलो. जिन्यात थांबलो, परत वर आलो. तू दार उघडून विचारलंस, चष्मा राहिला का? मी हो म्हटलं. चष्मा माझ्या नाकावर होता. तू पोट धरून हसलीस, मीही हसलो आणि जे सांगायला आलो होतो ते तसंच घेऊन घरी गेलो.

तुझी आमंत्रणपत्रिका टेबलावर उभी करून ठेवली आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता नव्या हंड्यातला पहिला भरलेला घाणा, आणि कळ दाबणार कोण, तर ‘ज्यांच्या एकोणीस वर्षांच्या नोंदींतून आमचे कार्यपुस्तक साकारले ते ज्येष्ठ कारागीर’. म्हणजे अस्मादिक. काकूने शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. रोज सकाळी मी तो शर्ट बघतो आणि अंघोळीला जातो. नळाखाली हात धरतो. गेले पाच-सहा दिवस सकाळी नऊ वाजताच नळाला कोमट पाणी येतं आहे. कारखान्याची टाकी तर गच्चीवर, उघड्यावर. तिथे काय होत असेल ते मला इथे बसून कळतं.

प्लायवूडचा डिंक कसा शिजतो हे मी तुला, कारखान्याच्या इंजिनिअरबाईला, सांगावं म्हणजे गंमतच आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐक. हंड्यात दोन रसायनं, वरून कॉस्टिक सोडा. कॉस्टिक पडलं की खाली जाळ नसताना हंडा आपणहून तापायला लागतो. आपलं काम एवढंच, की आत जेवढी उष्णता तयार होते तेवढी हंड्याभोवती पाणी फिरवून बाहेर काढायची. पाणी गार असलं तर डिंक मुकाट्याने शिजतो. पाणी कमी पडलं तर तो उकळतो, आणि एकदा उकळायला लागला की कुणाच्या बापाला आवरत नाही. जुनं पुस्तक हंड्याबरोबरच आलं होतं, कुठल्याशा थंड मुलखातून. त्यात लिहिलेलं, सगळं कॉस्टिक एका दमात, दहा मिनिटांत. त्यांच्या टाकीत बर्फ होत असेल. आमच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात अंगाला चटका द्यायचं.

आता तू हिशेब कर बघू. एकोणीस वर्षांत मी पुस्तकाप्रमाणे किती घाणे काढले असतील? माझं रजिस्टर म्हणतं, सगळे. खरं उत्तर आहे अठरा. तुझ्या कॅमेऱ्यासमोर काढलेले अठरा.

बाकीच्या दिवशी मी सकाळी टाकीत हात घालायचो. गार वाटलं तर कॉस्टिक दोनदा विभागून, उन्हाळ्यात चारदा, आणि प्रत्येक वेळी तापमानाचा काटा साठावर उतरेपर्यंत पुढचा डोस नाही. फारच तापलेलं असलं तर हंडाच पाऊण भरायचा. त्यात तास-सव्वा तास जास्त जायचा, म्हणून मी तासभर आधी येऊन बसायचो. त्याबद्दल कंपनीने मला वक्तशीरपणाचं घड्याळ दिलं, ते तुझ्या लहानपणी तू खोलून ठेवलंस. पण रजिस्टरात ‘चारदा’ असं लिहायची सोय नव्हती. पुस्तकापेक्षा वेगळं लिहिलं की दुसऱ्या दिवशी ‘कारणे दाखवा’चा कागद टेबलावर. मग मी लिहायचो, दहा मिनिटं, एका दमात, कमाल तापमान नव्वद. सगळेच तसं लिहायचे, अक्षर मात्र माझं चांगलं होतं. नव्या माणसांना खरी गोष्ट कानात सांगायची. माझ्याकडून दोघं शिकले. एक नोकरी सोडून गेला, दुसऱ्याची बदली झाली. आता येणारे सगळे तुझं पुस्तक पडद्यावर बघून शिकतात, त्यांच्या कानाशी लागायला कुणी उरलेलंच नाही.

तू ती रजिस्टरं गोदामातून काढलीस, धूळ झटकलीस, एकेक आकडा संगणकात भरलास आणि मला म्हणालीस, काका, एकोणीस वर्षांत एक खाडाखोड नाही! माझी छाती फुगली, खोटं का बोलू. पण मनात आलं, हिला संशय कसा येत नाही? नऊ वर्षांची असताना हिने मला विचारलं होतं, बटाट्याला डोळे असतात तर त्याला दिसतं का. हंड्याजवळ रोज उभा राहणारा माणूस सहा हजार दिवसांत एकदाही चुकत नाही, हे कसं, एवढं मात्र चौकशीबाईंनी विचारलं नाही. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावत आलो आहे. ते तरी खरं आहे का, कोण जाणे.

मग तू कॅमेरा घेऊन तीन आठवडे माझ्या मागे उभी राहिलीस. ऐन थंडीचे दिवस, पाणी असं की बोटं बधिर व्हावीत. आणि मी, म्हातारा शहाणा, तुझ्यासमोर शहाणा दिसावं म्हणून सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. कॉस्टिक एका दमात. काटा त्र्याण्णवला जाऊन परतला तेव्हा माझ्या पाठीवरून घामाची धार गेली, ती तुझ्या चित्रफितीत दिसत नाही. अठराही घाणे सुरळीत निघाले. त्या अठरा घाण्यांवर आणि माझ्या खोट्या आकड्यांवर तू नव्या पुस्तकात तेच ‘एका दमात’ लिहिलंस आणि तिप्पट मोठा हंडा बेतलास. चौकशीबाई, कपातला चहा लवकर निवतो आणि पातेल्यातला निवत नाही. मोठ्या हंड्यात उष्णता तिप्पट तयार होणार, पण तिला बाहेर पडायला अंग तिप्पट नाही. हे तुला कळत नाही असं नाही. तू ते गणितात धरलंही असशील. पण गणिताच्या मुळाशी आकडे माझे आहेत.

गेल्या शुक्रवारी तू फोनवर आनंदाने सांगितलंस, अर्ध्या हंड्याची चाचणी झाली, काटा सत्त्याण्णवपर्यंत गेला आणि आपोआप खाली आला, सगळं मर्यादेत. मी जेवत होतो. ताट तसंच बाजूला सारलं. काकूने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. अर्ध्या हंड्याला सत्त्याण्णव! माझ्या जुन्या हंड्यात काटा पंच्याण्णवच्या पुढे सरकला की मी सगळ्यांना खाली पिटाळायचो. तो काटा आपोआप खाली आला नाही गं, त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि टाकी तापली नव्हती. परवा आभाळ स्वच्छ असणार आहे. मी तुला तेव्हाच म्हटलं, पाण्याकडे लक्ष दे. तू म्हणालीस, काका, सगळं तुमच्याच रजिस्टरात आहे. आणि मी गप्प बसलो.

मी गप्प का बसलो, हे सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट राहील. तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तू एकच ओळ छापली आहेस, ‘मनाचे काही करू नये’. इतरांना तो नियम वाटतो. तो कुठून आला ते मला माहीत आहे. तुझ्या बाबांना आम्ही पैलवान म्हणायचो, कारण वाऱ्याने उडेल असा तो किडकिडीत होता. त्याचा हंडा उकळला आणि त्यात तो गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. नोटीस बोर्डावर लागलं, ‘कामगाराने पुस्तकाबाहेर जाऊन मनाने बदल केल्यामुळे’. तुझी आई तो कागद वाचून पायरीवर बसली ती कितीतरी वेळ उठली नाही. तेराव्या दिवशी तू माझा शर्ट ओढून विचारलंस, काका, बाबांनी मनाचं का केलं? आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, होतं असं कधी कधी माणसाकडून. त्यानंतर तुझी शाळा, कॉलेज, प्रवेशाच्या रांगा, सगळीकडे मी तुझ्यासोबत उभा राहिलो. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. तुझी आई जाईपर्यंत मला धाकटा दीर मानायची. मी ते मानू दिलं.

चौकशी समितीने मला बोलावलं होतं. तेव्हा नव्यानेच आलेले विभागाचे साहेब तिथेच बसले होते. त्या दिवशी ते घड्याळ घेऊन पैलवानाशेजारी उभे होते, फोन आला म्हणून बाहेर गेले आणि वाचले. त्यांनी सांगितलं, मी पुस्तकाप्रमाणेच करायला लावलं होतं, मी गेल्यावर याने काहीतरी बदललं असणार. समितीने मला विचारलं, तुम्ही तोच डिंक तशाच हंड्यात शिजवता, तुम्ही कसं करता? मी माझं रजिस्टर पुढे केलं. उन्हाळ्याचे तीन महिने, रोज एका दमात, कमाल नव्वद. त्यांनी पानं उलटली आणि एकमेकांकडे बघितलं. पुस्तकाप्रमाणे केलं तर उकळत नाही, याचा हा पुरावा. म्हणजे पैलवानाने पुस्तकाप्रमाणे केलं नाही. दहा मिनिटांत कामकाज आटोपलं. मी तिथे खरं बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती, एवढंच. मला तेव्हा ते फार मोठं वाटलं.

आता पिशवी उघड. आत एकोणीस वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं आहेत, आमच्या स्वयंपाकघरातली. रजिस्टरात खोटं लिहायचो, पण दुसऱ्या दिवशी काम करायला मला खरं लक्षात राहायला हवं होतं, म्हणून घरी येऊन तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचो: टाकीचं पाणी किती, डोस किती, हंडा किती भरला, काटा कुठवर गेला. काकूला वाटायचं दुधाच्या नोंदी आहेत. यात खाडाखोड भरपूर आहे, तुझ्या कामाची आहे. उद्या रविवार आहे, उद्याच मोठ्या साहेबांच्या घरी ही पिशवी आणि हे पत्र घेऊन जा. माझं नाव झाकू नकोस. सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातपासून गेटवर बसलेला असेन. कळ मी दाबणार नाही आणि त्या हंड्याजवळ तू उभी राहिलेली मला चालणार नाही. त्यांनी ऐकलं नाही, तर तू गेटबाहेर माझ्याजवळ येऊन बस. सर्वांत वरच्या कॅलेंडरात मी एक पान दुमडून ठेवलं आहे. हंडा उकळला त्याच्या आदल्या दिवशीचा चौकोन बघ. त्या दिवशी संध्याकाळी पैलवान आमच्याकडे आला होता. उद्या साहेब घड्याळ घेऊन उभे राहणार, चारदा विभागून घालता येणार नाही, काय करू रे, असं त्याने मला विचारलं. मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणालो, कर एक दिवस पुस्तकाप्रमाणे, एका दिवसाने काय होतंय. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, तेव्हा विसरू नये म्हणून चौकोनात लिहूनही ठेवलं: ‘पैलवानाला सांगितलं, उद्या पुस्तकाप्रमाणे’. अक्षर माझंच आहे, तू ओळखशील. तुझ्या बाबांनी मनाचं काही केलं नव्हतं गं. त्याने माझं ऐकलं होतं. तू ऐकू नकोस.

तुझाच, अजून तरी म्हणवत असेल तर,
काका